बांधावरचा हाफ

फुटबॉल माणसांना जोडतो, असं कुणी भाषणात म्हणालं की माझं डोकं फिरतं. हल्ली वसईत कुठल्या ना कुठल्या टूर्नामेंटच्या बक्षीस समारंभाला मला बोलावतात, शाल देतात आणि हटकून माझ्या चुलतभावाच्या शेजारच्या खुर्चीवर बसवतात. ‘ही जुनी जोडी,’ असं म्हणतात. मग कुणीतरी माइक धरून आमच्यातल्या समजुतीबद्दल बोलतो. समजूत कसली बोडक्याची! आमचा सगळा खेळ खुन्नसवर चालला होता. ज्या दिवसांत ती खुन्नस मिटली, त्याच दिवसांत आम्हा दोघांच्या नोकरीवर गदा आली. समारंभात हे सांगता येत नाही, म्हणून इथे सांगतो.

गोखिवऱ्याला आमची भातशेती होती. आजोबा गेल्यावर मोठ्या खाचराचे दोन तुकडे झाले. एक माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, दुसरा त्यांच्या धाकट्या भावाला. मध्ये गुडघाभर उंचीचा बांध घातला गेला आणि भांडण सुरू झालं. काका म्हणायचा, आबा बांध आपल्या बाजूने कोरतात. आबा म्हणायचे, काका कोरतो. माझ्या मते दोघंही कोरत असावेत, कारण बांध दर पावसाळ्यात बारीकच होत गेला. शेवटी एकदा भर आवणीत, म्हणजे भातलावणीत, दोघं फावडी घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले, गावाने सोडवलं, आणि त्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद झालं. जाणं-येणं बंद, जेवणखाण बंद, एकमेकांच्या शेतात पाय टाकणं बंद. हा कायदा आम्हा पोरांनाही लागू होता. काकाचा मुलगा माझ्याच वयाचा, माझ्याच वर्गात. त्याच्याशी बोलताना दिसलो तर आबा ओल्या निरगुडीच्या फोकाने पायावर काढायचे. तिकडे काकाही हेच करत असणार, कारण तोही माझ्याशी कधी बोलला नाही.

आता गंमत अशी की पाड्यातली सगळी पोरं भात कापून झालं की आमच्याच त्या दोन खाचरांत फुटबॉल खेळायची. तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. सपाट म्हणजे धसकटं होती, ढेकळं होती आणि बरोबर मधोमध तो बांध. बाकीची पोरं बांध ओलांडून कुठेही पळत. मला काकाच्या शेतात पाय टाकायची बंदी आणि त्याला आमच्या. मग मी बांधावर उभा राहायचो. मागून आलेला चेंडू थांबवायचा आणि पलीकडे द्यायचा, एवढंच मला करता यायचं. पलीकडे गोलच्या तोंडाशी तो असायचा, स्वतःच्या बापाच्या शेतात. अशा रीतीने मी हाफ, म्हणजे मधल्या फळीतला, झालो आणि तो फॉरवर्ड झाला. कुठल्या कोचने ठरवलं नाही, भाऊबंदकीने ठरवलं. आमची टीम कायम काकाच्या शेताच्या दिशेनेच गोल करायची. हाफ टाइमला बाजू बदलतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पुढे आम्ही पहिल्यांदा पश्चिमेकडे, वटारच्या बाजूला टूर्नामेंट खेळायला गेलो, तेव्हा हाफ टाइमनंतर आम्ही सगळे जिथल्या तिथे उभे राहिलो. रेफ्रीने शिट्ट्या मारून मारून आम्हाला पलीकडे हाकललं. प्रेक्षकांत हसून हसून लोक खाली बसले. ‘भातवाले आले, भातवाले,’ असं तिकडची पोरं ओरडत होती. त्यांना लहानपणापासून चर्चजवळची मैदानं मिळाली, बूट मिळाले, खेळ शिकवायला फादर मिळाले. हसायला त्यांचं काय जात होतं? त्या मॅचमध्ये आम्ही त्यांना तीन गोलांनी झोपवलं. तिन्ही गोल माझ्या चुलतभावाचे, तिन्ही पास माझे.

या पासांबद्दल लोक फार प्रेमाने बोलतात, म्हणून त्यांचीही हकिगत सांगतो. बोलणं बंद असल्यामुळे मी त्याला हाक मारू शकत नव्हतो आणि तो माझ्याकडे चेंडू मागू शकत नव्हता. सरळ बघणंही कमीपणाचं वाटायचं, म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं. मी चेंडू त्याच्या पायात कधीच दिला नाही. त्याला सोपं का करून द्यायचं? मी मुद्दाम दोन पावलं पुढे, जोरात आणि वाकडा टाकायचो. त्याने ऊर फुटेस्तोवर पळावं, तरी चेंडू मिळू नये, आणि तोंड धसकटात घासलं जावं, एवढीच माझी इच्छा असायची. आणि तो मेला बरोबर पोचायचा. मला जिंकू द्यायचं नाही म्हणून पोचायचा. मग पुढच्या वेळी मी आणखी लांब टाकायचो. गोल झाला की तो माझ्याकडे पाठ करून परत चालत यायचा आणि बाकीची पोरं मला मिठ्या मारायची. असं आम्ही शाळाभर आणि शाळा सुटल्यावरही खेळलो.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा फुटबॉल कोच पश्चिमेकडची टूर्नामेंट बघायला आला होता. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, हिंदी बोलणारा माणूस. मॅच संपल्यावर त्याने आम्हा दोघांना बाजूला घेतलं आणि विचारलं, “भाई हो?”

आम्ही दोघांनी मान हलवली, वेगवेगळ्या दिशेला बघत.

“तभी,” तो म्हणाला. “बिना बोले समझते हो. ये सिखाने से नहीं आता.”

आम्ही पायाने माती उकरत राहिलो. त्याला वाटलं, खेड्यातली पोरं, लाजतात. असा त्या माणसाचा गैरसमज झाला आणि त्या गैरसमजावर आम्हाला कंपनीत नोकरी लागली. मला डिस्पॅचमध्ये, त्याला स्टोअरमध्ये. दुपारपर्यंत काम, मग प्रॅक्टिस. मात्र सीझन संपेपर्यंत टेम्पररी. खेळ चांगला झाला तर कायम, नाही तर घरी.

घरी म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. गोखिवऱ्यात तेव्हा छोट्या कारखान्यांचे गाळे उभे राहायला लागले होते. पाड्यातली माझ्याबरोबरची पोरं तिथे पॉवर प्रेसवर पत्रे कापायची. दोघांची बोटं गेली होती. एक तर अंगठाच गमावून बसला होता आणि तरीही त्याच मशीनवर परत लागला होता. मला कायम व्हायचं होतं. देशासाठी खेळायचं वगैरे मोठमोठ्या गोष्टी मी कधी मनात आणल्या नाहीत. मला दहा बोटांनिशी म्हातारं व्हायचं होतं.

मुंबईचा फुटबॉल सीझन ऐन पावसाळ्यात असतो, आणि आमची आवणीही तेव्हाच. भाताची रोपं उपटून चिखलात लावायच्या वेळी मी पांढरा शर्ट घालून घराबाहेर पडायचो. आबा चिखलात कमरेतून वाकलेले असायचे. मी दिसलो की आईला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणजे सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं, बोलायचे.

“लोकांची पोरां हितं चिखल तुरवतात. आमचा मुंबईला जाऊन तुरवते.”

मी उलट उत्तर द्यायचो, “पगार घेऊन तुरवते.”

“बग, किती दिस देतात तो.”

मी आणखी चिडून स्टेशनच्या वाटेला लागायचो. आबांनी माझी एकही मॅच बघितली नव्हती. आमच्याच शेतात आम्ही खेळायचो तेव्हासुद्धा ते धसकटांकडे आणि बांधाकडे बघायचे, आमच्याकडे नाही.

सीझनचा पहिला भाग आमचा झकास गेला. चिखलात बाकीचे घसरत होते, आम्हाला चिखल म्हणजे घरची ओसरी. मी मधून चेंडू मारायचो आणि तो पळायचा. कोच टीमला सांगायचा, “इन दोनों से सीखो. अंडरस्टँडिंग देखो.” आम्ही कपडे बदलायला दोन टोकांना बसायचो. येताना-जाताना एकाच गाडीने यायचो, वेगवेगळ्या डब्यांतून. बाकीच्या खेळाडूंना ते विचित्र वाटत असेल, पण जिंकत होतो तोवर कुणी काही विचारलं नाही.

मग गणपतीत एका संध्याकाळी मी घरी आलो आणि बघतो तर आमच्या पडवीत आबांच्या खाटेवर काका बसलेला. पाय वर घेऊन, चहा पीत. आई आत मोदक करत होती आणि काकू तिच्या शेजारी बसून पारी वळत होती. आबा खाली, चटईवर. मला वाटलं, कुणीतरी मेलं.

कुणी मेलं नव्हतं. आमच्या दोन्ही खाचरांवर गाळे बांधणाऱ्या एका बिल्डरचा डोळा होता. त्याला दोन्ही तुकडे एकत्र हवे होते, आणि काका सही द्यायला तयार नव्हता. आबांचं भलं होत असेल तर स्वतःचं नुकसान झालं तरी चालेल, अशी त्याची जुनी रीत. तोच काका आता तयार झाला होता. समेट झाला. कसा झाला, ते मला कुणी सांगितलं नाही. आबा फक्त म्हणाले, “झाला गेला इसरा. आता भावाशी बोल.”

चुलतभाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बरा हाय ना?”

इतक्या वर्षांनी हे पहिलं वाक्य. मी म्हणालो, “बरा.”

मला कल्पना नव्हती की हा माणूस इतका बडबड्या असेल. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याच डब्यात बसायला लागला आणि बोरिवली येईपर्यंत बोलत राहायचा. त्याच्या कोंबड्या, त्याच्या पायाची पोटरी, स्टोअरचा हेडक्लार्क, राजोडीच्या किनाऱ्यावर कुठल्या मुलीने त्याच्याकडे बघितलं होतं. सगळं इतकी वर्षं साठवून ठेवल्यासारखं. मी हूं हूं करत बसायचो. हा माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हा कळलं, आणि त्यामुळे माझी पंचाईत झाली.

कारण मैदानावर तो आता मला हाका मारायला लागला. “दे, दे, हितं दे!” तो ओरडायचा, आणि समोरच्या टीमचा बॅक ते ऐकून बरोबर तिथे जाऊन उभा राहायचा. मीही त्याला पायात चेंडू द्यायला लागलो. आता भाऊच तो, त्याला कशाला पळवायचं? पायात चेंडू मिळाल्यावर तो पळायचं विसरला. एखादा पास हुकला की मी “सॉरी” म्हणायचो आणि तो “अरे, असू दे” म्हणायचा. ज्या टीममध्ये “असू दे” म्हणतात ती टीम कधी काही जिंकत नाही. आम्ही एक मॅच हरलो, मग एक बरोबरीत सोडवली, मग पुन्हा दणकून हरलो.

कोचने आम्हाला मैदानाकडेच्या आमच्या टीमच्या तंबूमागे बोलावलं. “क्या हुआ तुम दोनों को? झगडा हुआ क्या?”

चुलतभाऊ म्हणाला, “नहीं साब. समझौता हुआ.”

कोचला काही कळलं नाही आणि कळावं अशी त्याची इच्छाही नव्हती. त्याने सरळ सांगितलं, शेवटची मॅच राहिली आहे, ती बघायला कंपनीचे मोठे साहेब येणार आहेत, आणि त्यांनी आम्हा दोघांबद्दल आधीच विचारलं आहे. “ऐसे ही खेलोगे, तो दोनों घर.”

त्या मॅचच्या पहिल्या हाफमध्ये आम्ही तसेच खेळलो. पाऊस नुसता कोसळत होता. मी चेंडू पायात देत होतो, तो चेंडू अडवून परत मलाच देत होता, जसं काही पानसुपारीचं तबक फिरवतोय. एक गोल खाल्ला. ताडपत्रीखाली साहेब लोक चहा पीत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. मला स्वतःचा हात प्रेसखाली दिसत होता. मी घाबरलो होतो, स्वच्छ सांगतो, इतका मी पुन्हा कधी घाबरलो नाही.

हाफ टाइमला सगळे लिंबाच्या फोडी चोखत उभे होते. चुलतभाऊ माझ्याजवळ आला. नेहमीसारखा बडबडत नव्हता.

“तुला ठाव हाय, आमच्या बापानी सही कशी दिली?”

“कशी?”

“तुजा बाप माज्या बापाच्या पाया परला. आमच्या पडवीत. मी उभा होतो थितं.”

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही. आबा थोरले. थोरला भाऊ धाकट्याच्या पाया पडत नाही, आमच्याकडे काय, कुठेच पडत नाही. मी म्हणालो, “खोटा बोलू नको.”

“तुज्यासाठी परला. बोलला, पोराच्या फुटबॉलाचा काय खरा नाय, पावसाळा संपला का हाकलून देतील. जमीन इकून त्याला एक गाळा घेऊन देतो, नायतर तो लोकांच्या प्रेसवर हात कापून घेईल. माज्या बापानी लगेच उठवला नाय त्याला. वाकलेलाच ठेवला. मंग बोलला, उठ.”

मी त्याच्या शर्टाला हात घातला. तेवढ्यात रेफ्रीची शिटी झाली.

त्यानंतरचं अर्धं मी कसं खेळलो ते मला नीट आठवतही नाही. एवढं आठवतं की मला तो मरायला हवा होता. पहिला चेंडू माझ्याकडे आला तो मी जिवाच्या आकांताने त्याच्या पुढे कोपऱ्याकडे मारला. तिथे कुणी पोचूच शकलं नसतं. तो पोचला. चिखलातून छातीवर घसरत पोचला आणि तिथून गोल. पाठ करून परत आला. दुसरा त्याहून वाकडा मारला, दोन बॅकच्या मधून, की निदान त्यांच्या बुटांखाली तरी याची नडगी यावी. तोही गोल. ताडपत्रीखालचे साहेब उभे राहिले होते. कोच ओरडत होता, “देखा? देखा?”

मॅच संपल्यावर चुलतभाऊ तंबूत माझ्याजवळ आला, हसत. चिखलाने माखलेला, फक्त दात दिसत होते.

“बघ,” तो म्हणाला, “तुला राग आल्याबिगर तुजा पासच येत नाय. म्हनून बोललो.”

मी पायातला बूट काढून त्याच्या तोंडावर फेकला. ओठ फुटला. कोचला काय ते कळलं असावं, कारण तो मध्ये पडला नाही. आम्हाला सोडवायला आलेल्यांना म्हणाला, “रहने दो, रहने दो. अब ठीक है.”

मुद्दाम बोलला म्हणून मी त्याला माफ करावं, असं मला अनेकांनी सुचवलं आहे. त्याने आमच्या दोघांची नोकरी वाचवली, हे मलाही कळतं. मी काही मूर्ख नाही. पण माझा बाप त्याच्या बापापुढे वाकला होता, तेव्हा तो तिथे उभा राहून बघत होता. आणि ते त्याने इतके दिवस जपून ठेवलं, रोज सकाळी माझ्याशी कोंबड्यांच्या गप्पा मारताना.

थोड्याच दिवसांत कंपनीने आम्हाला दोघांनाही कायम केलं. मी दुपारीच सुटलो आणि गोखिवऱ्याला आलो. आमच्या खाचरात भात कापून झालं होतं. आता पुढचं पीक नव्हतं. मुरमाचे ट्रक एका बाजूने भराव टाकत होते. आबा बांधावर बसून ते बघत होते. मी ठरवून आलो होतो की आधी भांडायचं.

“मी कायम झालो,” मी म्हणालो.

“म्हंजे?”

“म्हंजे आता काढत नाय. रिटायर होईपर्यंत.”

“खेळलास नाय तरी?”

“खेळलो नाय तरी.”

ते ट्रककडे बघत राहिले. मग मी विचारलं, “आबा, तुमी काकाच्या पाया परलाव?”

“परलो.” त्यांना लाज वाटेल, ते नाकबूल होतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी तर वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं.

“का?”

“मना काय ठाव, तू खरोखर खेळतेस ते?” ते म्हणाले. “मी कवा बगितला? एकदा जरी बगायला आलो असतो, त नसतो परलो.”

एक ट्रक रिकामा झाला, दुसरा मागे येऊन लागला. माझं भांडण तोंडातच राहिलं. त्यांच्यावर चिडायचं होतं आणि चिडायला जागाच उरली नव्हती. काकाचा, चुलतभावाचा, त्या बिल्डरचा मला संताप येत होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

“त्या पोराला बूट मारलास म्हनं,” आबा म्हणाले.

“मारला. परत मारीन. आता त्याच्याशी बोलना बंद.”

आबा पहिल्यांदा माझ्याकडे वळले. “बोलना बंद करू नको. जमीन गेली ती गेली. मी फुकट परलो असा व्हायला नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वसईच्या प्लॅटफॉर्मवर उभा होता. ओठाला अजून खपली होती. मला बघून त्याने मान फिरवली, जुन्या सवयीने. मीही त्याच्यापासून चार हात लांब उभा राहिलो. गाडी सिग्नलला दिसायला लागली. शेवटी मी विचारलं, “कोंबड्या कशा हाईत?”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “बऱ्या हाईत.”

पुढे कित्येक सीझन आम्ही एकत्र खेळलो, एकाच कंपनीतून रिटायर झालो, आणि त्यातला एकही दिवस मी त्याच्याशी मनापासून बोललो नाही. आबा जाऊनही आता खूप वर्षं झाली. पण बोलणं मी बंद केलेलं नाही.